बावीस खुर्च्यांचं चर्च

परभणीला निघालोय म्हटलं की लोक आधी म्हण ऐकवतात, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’. आम्हाला ती पुण्यातल्या निदान दहा जणांनी ऐकवली, आणि प्रत्येकाला वाटलं की आपणच पहिले. २०२३ च्या जूनमध्ये बायकोला इथल्या कृषी विद्यापीठात नोकरी लागली. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. कंपनी पुण्यातली, पण कोविडपासून काम घरूनच. लेक तेव्हा तीन वर्षांची. सामान टेम्पोत भरलं आणि वसमत रोडवरच्या एका बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो.

घर मिळणं तितकं सोपं गेलं नाही. आम्ही मराठी ख्रिस्ती. माझं आडनाव असं आहे की ते मराठा, बौद्ध, मातंग, ख्रिस्ती, कुणाचंही असू शकतं. पहिल्या दोन घरमालकांनी आडनाव ऐकून मान डोलावली, मग गाव विचारलं, मग आवाज खाली आणून, ‘म्हणजे तुम्ही नेमके कोण?’ ख्रिश्चन म्हटल्यावर त्यातले एक म्हणाले, ‘पण मराठी तर चांगलं बोलता की.’ मी हसलो. या वाक्यावर हसायची मला लहानपणापासून सवय आहे. तिसऱ्या घरमालकांनी फक्त डिपॉझिट विचारलं. आम्ही तिथेच राहिलो.

बिल्डिंग चांगली निघाली. सप्टेंबरात पहिल्या मजल्यावर गणपती बसला, तर लेक दहाही दिवस आरतीला हजर. पुढच्या एप्रिलमध्ये समोरच्या घरातून ईदचा शीरखुर्मा आला. त्यानंतर तीनच दिवसांनी १४ एप्रिल. वरच्या मजल्यावरच्या ताईंनी लेकीला निळा फेटा बांधला आणि मिरवणूक दाखवायला नेलं. त्या रात्री झोपताना तिनं विचारलं, ‘बाबा, आपले लोक कुठंयत?’

आपला देव कुठंय असं विचारलं असतं तर मी काहीतरी सांगितलं असतं. लोक कुठंयत, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘नगरला,’ मी म्हणालो. ‘मग आपण इथं कामून आलो?’ तिनं विचारलं. दहा महिन्यांत तिच्या तोंडात ‘कामून’ बसला होता.

*

मी मूळचा नगरचा, आताच्या अहिल्यानगरचा. अमेरिकन मराठी मिशन तिथं १८३१ मध्ये आलं. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक तिथं १८४२ मध्ये निघालं. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक तिथं राहिले. नगरला ख्रिस्ती असणं म्हणजे गर्दीत असणं. रविवारी आजीचा हात धरून निघालं की चर्चपर्यंत पोचायला अर्धा तास लागायचा, कारण रस्त्यात निम्मं गाव भेटायचं आणि आजी सगळ्यांना ‘सलाम’ करायची. चर्च शोधायचं असतं, हे मला माहीतच नव्हतं. ते घरासारखं आपोआप होतं.

पुण्यात शिकायला आणि मग नोकरीला गेल्यावर पहिल्यांदा निवड करावी लागली. लग्नानंतर आम्ही एका मोठ्या चर्चला जायला लागलो. इंग्रजी उपासना, मोठा स्क्रीन, गिटार, ड्रम, वेळेवर सुरू, वेळेवर बंद. लहान मुलांसाठी मागे काचेची खोली. मूल रडलं की तिथं जायचं, स्पीकरवरून उपदेश ऐकू यायचा. लेक झाल्यापासून आम्ही आळीपाळीनं त्या खोलीत बसलो. तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. परभणीला निघालो तेव्हा मी त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पडलो. कुणी काही विचारलं नाही. विचारावं असं आम्हीही काही केलं नव्हतं. दोन वर्षं आम्ही तिथं प्रेक्षक होतो, आणि प्रेक्षकाची कुणाला आठवण येत नाही.

लेकीच्या प्रश्नानंतर मी इंजिनिअर जे करतो तेच केलं. एक्सेल शीट उघडलं. कॉलम पाडले: घरापासून अंतर, भाषा, लहान मुलांसाठी संडे स्कूल, उपदेशाची लांबी, पार्किंग. मग गूगल मॅपवर शोधायला बसलो. ठिपके मोजकेच. २०११ च्या जनगणनेनुसार परभणी जिल्ह्याची लोकसंख्या साडेअठरा लाखांच्या आसपास आहे. राज्यात आम्ही शेकडा एकाच्या आतबाहेर, पण ते बहुतेक मुंबई, वसई, पुणे, नगर या पट्ट्यात. इथं तर त्याहूनही विरळ.

पहिल्या ठिकाणी गेलो तर दाराला कुलूप. शेजारच्या दुकानदारानं सांगितलं, ते लोक कधीच गेले. दुसऱ्या ठिकाणी एवढ्याशा खोलीत चार मोठे स्पीकर होते आणि लेकीनं दोन्ही कान दाबून धरले. प्रार्थनेनंतर एका गृहस्थांनी माझा हात घट्ट धरून विचारलं, ‘ब्रदर, तुमचं तारण कोणत्या तारखेला झालं?’ मला तारीख आठवेना. शीटमध्ये दोन ओळी लाल झाल्या. आईचा दर रविवारी नगरहून फोन यायचा, ‘गेला होतास का?’ मी म्हणायचो, ‘शोधतोय.’ ती म्हणायची, ‘एवढं काय शोधायचंय, नोकरी आहे का ती?’

शेवटी चर्च सापडलं ते शीटमुळे नाही. बायकोच्या विभागातले एक निवृत्त प्रयोगशाळा परिचर कामानिमित्त विद्यापीठात आले होते. सगळे त्यांना मामा म्हणतात. डिसेंबरातला प्रसंग आठवून ते म्हणाले, ‘मॅडम, तुमच्या टेबलावर नाताळाचा तारा होता. आमच्याकडं या की रविवारी. लहानंच हाय, पण हाय.’

*

जुन्या वस्तीतल्या गल्लीत एका घरामागची ही खोली. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, भिंतीवर लाकडी क्रूस आणि शेजारी बँकेचं कॅलेंडर. बावीस प्लॅस्टिकच्या खुर्च्या. लेकीनं पहिल्याच दिवशी मोजल्या, म्हणून आकडा पक्का. उपासना साडेदहाची, सुरू झाली अकराला. एक हार्मोनियम, एक ढोलकी. गाणी ‘उपासना संगीत’मधली. माझ्या आजीकडे होतं तसंच पुस्तक, तशीच कव्हर घातलेली प्रत. पहिल्या गाण्याच्या दुसऱ्या ओळीला वीज गेली. जून महिना, पत्र्याखाली भट्टी. कुणीही थांबलं नाही. सात-आठ जणांनी एका हातानं पुस्तक धरलं आणि दुसऱ्या हातानं पुठ्ठ्यानं वारा घ्यायला सुरुवात केली, जणू तेही गाण्यातच लिहिलेलं होतं.

लेक दहा मिनिटं बसली. मग उठून खुर्च्यांमधून फिरायला लागली. मी सवयीनं काचेची खोली शोधली. तिला आवरायला उठलो तर मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, ‘राहू द्या हो. लेकराचा आवाज कामून बंद करायलेत? बारा वर्षांत इथं लेकरू रडलं नाय.’

हे आजोबा रेल्वेत होते, पूर्णा जंक्शनला सगळी नोकरी झालेली. लेक त्यांच्यापाशी गेली आणि उपदेश संपेपर्यंत त्यांच्या खिशातलं पेन उघड-बंद करत राहिली. उपदेश पन्नास मिनिटांचा होता. पाळक आठवडाभर शाळेत शिकवतात आणि शिकवण्याची सवय रविवारीही सुटत नाही. एकदा तर त्यांनी हजेरी घेतल्यासारखं मागच्या रांगेला प्रश्न विचारला.

शेवटी ‘पाहुण्यांची ओळख’. मी उभा राहिलो, गाव सांगितलं. लगेच एका मावशींनी नगरमधल्या तीन आडनावांची चौकशी केली आणि त्यातलं एक माझ्या आत्याच्या सासरचं निघालं. चहा आला. लेकीला दोन बिस्किटं मिळाली आणि बायकोला न मागता सल्ला, की पोरगी वाळलीय, तिला नाचणी द्या. बायको पीक पैदास शास्त्रात पीएचडी आहे. ती म्हणाली, ‘हो मावशी.’

घरी येऊन मी शीट उघडलं. अंतर: बरं. भाषा: मराठी. संडे स्कूल: नाही, कारण मुलंच नाहीत. उपदेश: फार लांब. पार्किंग: गल्लीत स्कूटरही जेमतेम. बेरीज केली तर आधीच्या दोन ठिकाणांपेक्षा मार्क कमी. लेक सोफ्यावरून म्हणाली, ‘आजोबांच्या पेनला दोन रंग आहेत.’

*

तीन रविवार आम्ही पाहुणे होतो. चौथ्या रविवारी पाळकांनी माझ्या हातात पवित्र शास्त्र दिलं आणि म्हणाले, ‘वाचन तुम्ही करा, माझा चष्मा विसरलाय.’ चष्मा त्यांच्या खिशात दिसत होता. पाचव्या रविवारी ढोलकीवाला तरुण परीक्षेला गेला होता, तर कुणीतरी बायकोला विचारलं, ‘तुम्हाला ताल येतो का?’ तिला येत नाही. तरी तिनं वाजवली. कुणी दाद दिली नाही, कुणी हसलंही नाही. काम झालं.

सगळंच गोड होतं असं नाही. अर्पण मोजायला फक्त पुरुष बसायचे. बायकोनं दोन महिने पाहिलं आणि मग सरळ विचारलं. जरा शांतता झाली. एक-दोघांना आवडलं नाही, एक जण तर पुढचा रविवार आलेच नाहीत. मग मामा म्हणाले, ‘आपल्याला हिशोब येतो कुठं? मॅडमला येतो.’ तेव्हापासून वही तिच्याकडे आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज पहाटे पाच वाजता गुलाबाच्या फुलांसह वचनं येतात, मधूनच आयुर्वेदिक काढे आणि खोट्या बातम्याही. खोट्या बातम्यांवर मी बोलतो. काढ्यांवर बोलायचं सोडून दिलंय.

हळूहळू कळलं की या बावीस खुर्च्यांवर बसणारे इथं आले कसे. कुणी रेल्वेमुळे, कुणी नर्सिंगमुळे, कुणी शिक्षकाच्या नोकरीमुळे. एक केरळची सिस्टर, जिला दवाखान्यात सगळे सिस्टर म्हणतात आणि इथंही. एक तेलुगू कुटुंब. आणि मावशी जालन्याच्या. मराठवाड्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरांचा धागा बऱ्याचदा जालन्याकडे जातो. नारायण शेषाद्री नावाचा ब्राह्मण तरुण मुंबईच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकला, १८४३ मध्ये ख्रिस्ती झाला आणि पुढे निजामाच्या राज्यात, जालन्याजवळ, त्यानं ‘बेथेल’ नावाचं गाव वसवलं. जातीमुळे गावाबाहेर राहावं लागलेल्या, नव्यानं ख्रिस्ती झालेल्या माणसांना राहायला घरं, विहीर, शाळा आणि मध्ये प्रार्थनेची जागा. मावशींना शेषाद्रींची तारीखवार माहिती नाही. त्या एवढंच सांगतात, ‘आमच्या पणज्याला आपलं म्हणायला जागा नव्हती, तिथं मिळाली.’

टिळकांचं चरित्र शाळेत असताना आमच्या घरात पाठ होतं, पण त्यातली एक गोष्ट मला इथं आल्यावर नीट कळली. १९१७ मध्ये, आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यावर, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ज्याला ख्रिस्ताच्या मागे जावंसं वाटतं त्याला तिथं जागा होती. एवढा मोठा कवी, सगळीकडे मान. त्याला मोठ्या संस्थेतून बाहेर पडून छोटा मेळा कशाला हवा होता, असं मला वाटायचं. आता वाटतं, त्याला एकमेकांना नावानं ओळखणारी माणसं हवी असतील.

अर्थात आजच्या दिवसांत अशी छोटी खोली कुणाच्या नजरेत येईल याची धास्तीही असते. एका रविवारी दोन तरुण दाराशी उभे राहून मोबाइलवर शूटिंग करत होते. ‘इथं काय चालतं?’ त्यांनी विचारलं. पाळक बाहेर गेले, शांतपणे म्हणाले, ‘आत या, बसा.’ मुलं आत आली नाहीत. थोड्या वेळानं निघून गेली. उपदेश चालू राहिला, पण त्या दिवशी तो वीस मिनिटांतच संपला. घरी जाताना मी लेकीचा हात जरा जास्तच घट्ट धरला होता. तिला लोक मिळाले होते, आणि लोकांबरोबर त्यांची काळजीही मिळाली होती.

*

डिसेंबरच्या सुरुवातीला कापणीचा सण झाला. ज्याच्याकडे जे पिकलं ते आणायचं, प्रार्थना करायची, मग त्याचाच लिलाव. पैसे चर्चच्या खात्यात. मामांनी ‘परभणी मोती’ ज्वारीचं अर्धं पोतं आणलं. मोत्यासारखे टपोरे, पांढरे दाणे. कुणी तूर, कुणी अंडी, सिस्टरनं केळीचे वेफर्स. आम्ही गॅलरीतल्या कुंड्यांमधली सात भेंड्या नेल्या. बायकोनं गंभीरपणे जाहीर केलं, ‘ही परभणी क्रांती.’ आणि तिथंच सगळ्यांना सांगितलं की भेंडीची पानं पिवळी पडणाऱ्या रोगावर उपाय म्हणून याच विद्यापीठानं हा वाण तयार केला, त्यासाठी भेंडीचा संकर तिच्या एका रानटी नातेवाइकाशी केला. मावशी म्हणाल्या, ‘म्हणजे रानातलं रक्त आलं म्हणून टिकली.’ बायको म्हणाली, पीएचडीत हे वाक्य मिळालं असतं तर एक प्रकरण वाचलं असतं.

सात भेंड्यांचा लिलाव दहा रुपयांपासून सुरू झाला. पूर्णेचे आजोबा बोली वाढवत होते आणि त्यांच्याविरुद्ध बोली लावत होती माझी लेक, जिला शंभराच्या पुढे मोजता येत नव्हतं. शंभरला ती थांबली. आजोबांनी एकशे एकला भेंड्या घेतल्या आणि तिच्याच हातात दिल्या.

फेब्रुवारीत, उरुसाचे दिवस होते, दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर गर्दी होती. एका मंगळवारी दुपारी मी मीटिंगमध्ये होतो. मामांचा फोन आला. कट केला. परत आला. उचलला. ते म्हणाले, ‘आजोबा गेले. चारला न्यायचंय. बेटा, खांद्याला माणूस हवंय.’

मी टीमला सांगितलं की घरी मयत झालीय. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी ‘घरी’ म्हणालो.

पेटी उचलायला सहा जण लागतात. आमच्या चर्चमध्ये धडधाकट पुरुष मोजले तर चार: पाळक, मी, सिस्टरचा नवरा आणि ढोलकीवाला. पाचवे आजोबांच्या शेजारचे टेलर, ज्यांच्या दुकानासमोर ते रोज पेपर वाचायचे. त्यांनी टोपी घातली आणि न विचारता पुढचा डावा कोपरा धरला. सहावा त्यांना दवाखान्यात नेणारा रिक्षावाला. तो म्हणाला, ‘मला तुमचं काही म्हणता येत नाही, पण उचलता येतं.’ आजोबांचा मुलगा हैदराबादहून निघाला होता, थेट स्मशानभूमीत पोचला.

पेटी खांद्यावर किती जड असते हे मला माहीत नव्हतं. चालताना सहा जणांची पावलं जुळवावी लागतात, नाहीतर ती हेलकावते. पहिली पन्नास पावलं जुळली नाहीत. मग टेलरचाचा हळू आवाजात म्हणायला लागले, ‘उजवा… डावा…’ आणि जुळली. मला त्या वेळी ते एक्सेल शीट आठवलं. मी कॉलम पाडले होते ते सगळे आम्हाला काय मिळेल याचे. आमची इथं गरज आहे का, हा कॉलम मी पाडलाच नव्हता. पुण्याच्या चर्चमध्ये आमच्यावाचून काहीच अडत नव्हतं. इथं त्या दुपारी मी गेलो नसतो तर पेटीचा एक कोपरा रिकामा राहिला असता.

लेकीनं मूठभर माती टाकली. आजोबांचं दोन रंगांचं पेन त्यांच्या मुलानं तिला दिलं. ती काही बोलली नाही.

पुढच्या रविवारी मागच्या रांगेत आजोबांची खुर्ची रिकामी होती. कुणी तिथं बसत नव्हतं, कुणी ती उचलतही नव्हतं. लेकीनं थोडा वेळ पाहिलं, मग जाऊन तीच बसली, पाय लोंबकळत. उपदेश पंचावन्न मिनिटांचा झाला.

*

आता कंपनीनं आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला यायला सांगितलंय. म्हणजे पुणे. बायकोची नोकरी इथं, माझं ऑफिस तिथं. एचआरला मेल केलाय, मॅनेजर म्हणतो बघू, मार्चअखेर ठरेल. दुसरी नोकरी शोधायची की रात्रीच्या गाडीनं ये-जा करायची, यावर घरात रोज बोलणं होतं. आई फोनवर म्हणते, ‘पुण्याला चर्च आहेतच की.’ आहेत. भरपूर आहेत.

लेक आता पहिलीत जाईल. संडे स्कूल सुरू झालंय, विद्यार्थी तीन: ती, तेलुगू कुटुंबातला मुलगा आणि गल्लीतलीच एक मुलगी, जी चित्रं रंगवायला येते आणि गोष्ट संपली की घरी जाते. शिकवते बायको. जगबुडीच्या गोष्टीत ती बियाणं कसं टिकवलं असेल यावर फार वेळ घालवते.

खोलीची किल्ली मामांकडे असायची. गुडघे दुखतात म्हणून गेल्या महिन्यात त्यांनी ती माझ्याकडे दिली. रविवारी साडेनऊला जाऊन कुलूप काढायचं, फरशी झाडायची, खुर्च्या मांडायच्या. उद्या रविवार आहे. लेक म्हणालीय, खुर्च्या तीच मोजणार.